टोड लेनमधील विटांची वखार

किराणा मालाच्या एखाद्या दुकानाची इमारत पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवावी आणि दूरदूरच्या देशांतील लोकांनी ती मुद्दाम पाहावयास यावे, असे सहसा घडत नाही. किल्ले जपले जातात, राजवाडे जपले जातात, कवींची जन्मघरे जपली जातात. दुकानाचे तसे नसते. चालते आहे तोवर ते चालवावे, चालेनासे झाले म्हणजे फळ्या लावाव्या आणि जागा दुसऱ्या धंद्याला द्यावी, हीच जगाची रीत. उत्तर इंग्लंडमधील रॉचडेल या बाजारपेठेच्या गावी मात्र या रीतीला एक अपवाद आहे. तेथील टोड लेन नावाच्या फरसबंद गल्लीत ३१ क्रमांकाची एक विटांची इमारत उभी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली गेली ती वखार म्हणून. आणि वखारीला शोभेल इतपतच तिचे रूप आहे. साध्या विटांच्या भिंती, तळमजल्यावर दुकानाच्या खिडक्या, आणि वर माल ठेवण्याचे मजले. शिल्पकाराने हात फिरवावा असे तिच्यावर काही नाही.

या इमारतीत कोणी राजा जन्मला नाही, की कोणता तह झाला नाही. १८४४ सालच्या डिसेंबर महिन्यातील एका रात्री तिच्या तळमजल्यावर लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या यांची विक्री सुरू झाली, एवढीच तिची कथा. परंतु विकणारे कोण होते, विकत घेणारे कोण होते, आणि त्या दोघांनी आपसांत कोणता करार केला होता, हे पाहू लागले म्हणजे या वखारीचे मोल ध्यानात येऊ लागते. विकणारे आणि विकत घेणारे तेथे एकच होते. गिऱ्हाईकच दुकानाचे मालक होते. आणि आपणच आपल्याला फसवू नये यासाठी त्यांनी स्वतःवर काही नियम घालून घेतले होते. जगभर पसरलेल्या सहकारी चळवळीने पुढे आपली वंशावळ शोधली ती याच दुकानापर्यंत येऊन पोहोचली.

रॉचडेल हे मँचेस्टरच्या उत्तरेस सुमारे दहा मैलांवर, पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी, रॉच नदीच्या काठी वसलेले गाव. १२५१ साली त्याला बाजार भरविण्याचा राजाचा परवाना मिळाला. भोवतालच्या डोंगरउतारांवर मेंढरे, घरोघर चाती आणि माग, आणि गावच्या बाजारात लोकरीच्या कापडाची देवघेव, अशी त्याची शतकानुशतकांची घडी होती. फ्लॅनेल हे मऊ लोकरी कापड म्हणजे रॉचडेलची खासियत. पुढे वाफेची यंत्रे आली, गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, आणि घरच्या मागावर पोट भरणाऱ्या विणकराची मजुरी वर्षावर्षाला उतरत गेली. १८४० नंतरचे दशक तर इंग्लंडच्या इतिहासात उपासमारीचे दशक म्हणूनच ओळखले जाते.

मजुरी कमी, ही गरिबाची एक अडचण झाली. त्या मजुरीचे बाजारात काय होई, ही दुसरी. पिठात तुरटी किंवा खडूची भुकटी मिसळलेली, साखरेत वाळू, आणि चहाच्या पुड्यात वापरून वाळविलेली पाने, असा कारभार इंग्लंडच्या शहरांतून त्या काळी सर्रास चाले. आपल्याकडे ज्याला ‘मापात पाप’ म्हणतात, ते तेथेही होतेच. भेसळीला आळा घालणारा पहिला सर्वसाधारण कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला तो १८६० साली, आणि तोही लंगडाच ठरला. काही ठिकाणी तर मजुरीचे पैसे कामगाराच्या हातीच पडत नसत. मालक स्वतःचे दुकान काढी आणि मजुरीऐवजी त्या दुकानातील माल, दुकानाच्याच भावाने, कामगाराच्या पदरात टाकी. १८३१ च्या कायद्याने ही चाल मना केली खरी. परंतु कायदा झाला म्हणून वहिवाट लगेच जात नाही.

याशिवाय उधारी होतीच. आठवड्याची मजुरी हाती पडण्यापूर्वीच ती दुकानदाराच्या वहीत खर्ची पडलेली असे. उधारीने बांधलेले गिऱ्हाईक मालाला नाव ठेवू शकत नाही, भावाला हरकत घेऊ शकत नाही, आणि दुसऱ्या दुकानाची पायरीही चढू शकत नाही. खोटे वजन, खोटा माल आणि न फिटणारी बाकी, या तिन्हींच्या कात्रीत गरिबाचा संसार सापडला होता.

या स्थितीतून सुटण्याचे प्रयत्न रॉचडेलच्या लोकांनी पूर्वीही केले होते. रॉबर्ट ओवेन या विचारवंत गिरणीमालकाच्या शिकवणीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. माणसांनी परस्परांशी स्पर्धा करण्याऐवजी मिळून उत्पादन करावे, मिळून वसाहती वसवाव्या, असे ओवेनचे सांगणे. त्या उत्साहात १८३३ साली याच टोड लेनमध्ये, पण निराळ्या घरात, विणकरांनी एक सहकारी दुकान काढले होते. ते दोन वर्षांत बुडाले. लबाडीमुळे नव्हे, तर चांगुलपणामुळे ते बुडाले, असे म्हणावे लागेल. सभासद अडचणीत असत, दुकान त्यांना उधार देई. आणि दिलेली उधारी वसूल न झाल्यामुळे एके दिवशी दुकानापाशी माल आणावयास पैसाच उरला नाही. या अपयशाचा ताळेबंद काही माणसांच्या मनात कायम राहिला. चार्ल्स हॉवर्थ हे त्यांपैकी एक.

१८४४ साली मजुरीवाढीची खटपट निष्फळ झाल्यावर हीच माणसे पुन्हा एकत्र बसू लागली. विणकर त्यांत होते, तसे इतर धंद्यांतील कारागीरही होते. कोणी ओवेनचे अनुयायी, कोणी सार्वत्रिक मतदानाचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतले, कोणी दारूबंदीचे पुरस्कर्ते, तर कोणी निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे भाविक. एकमत होण्याजोगी त्यांच्यात एकच गोष्ट होती. ती म्हणजे प्रत्येकाच्या घरी लागणारे पीठ. मोठ्या मतभेदांना हात न लावता त्या लहानशा गोष्टीवर एकत्र येण्याचे त्यांनी ठरविले.

संस्थेचे नाव ‘रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स’ असे ठेवण्यात आले. ‘इक्विटेबल’ म्हणजे न्यायाने आणि समतेने वागणारे. आणि ‘पायोनियर’ म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन वाट मोकळी करून देणारे. मूळ सभासद २८ मानले जातात. प्रत्येकाचा भाग १ पौंडाचा. हा पौंड एकदम टाकणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून आठवड्याला दोन पेन्सप्रमाणे वर्गणी गोळा होऊ लागली. त्या काळी पौंडाचे पेन्स २४० होत. या हिशेबाने एक भाग पुरा व्हावयास १२० आठवडे, म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागावा. पुढे वर्गणी वाढविण्यात आली. गावाचे भाग पाडून वर्गणी गोळा करणारे घरोघर हिंडत. २४ ऑक्टोबर १८४४ रोजी संस्थेची रीतसर नोंदणी झाली, तेव्हा तिच्याजवळ भांडवल होते २८ पौंड.

या २८ पौंडांत दुकान मांडावयाचे होते. टोड लेनमधील वखारीचा तळमजला तीन वर्षांच्या कराराने, वर्षाला १० पौंड भाड्यावर मिळाला. डागडुजी, तागडी, फळ्या यांत काही पैसे गेले. उरलेल्या रकमेतून माल आला तो असा: २८ रत्तल लोणी, ५६ रत्तल साखर, ६ हंड्रेडवेट गव्हाचे पीठ, एक पोते ओटचे पीठ आणि काही चरबीच्या मेणबत्त्या. एकूण किंमत १६ पौंड ११ शिलिंग ११ पेन्स. एखाद्या खेड्यातील किरकोळ वाण्याच्या दुकानातही यापेक्षा अधिक माल असावा.

२१ डिसेंबर १८४४, शनिवार, रात्री आठची वेळ. उत्तर गोलार्धातील ती वर्षातील सर्वांत मोठी रात्र. गावच्या गॅस कंपनीने या नव्या गिऱ्हाइकाला गॅस देण्याचे नाकारले होते. तेव्हा विकावयास आणलेल्या मेणबत्त्यांपैकीच काही दुकानात लावाव्या लागल्या, असे सांगतात. विणकरांचे दुकान उघडणार, ही बातमी गावभर पसरली होती. गिरण्यांत बॉबिन बदलणारी पोरे गल्लीत जमली होती. कुचेष्टेला ऊत आला होता. आतील मंडळी एकमेकांकडे पाहत उभी राहिली. बाहेरच्या हशाला तोंड देऊन फळ्या काढावयास प्रथम कोणी जावे, याचा निश्चय होईना. अखेर त्यांच्यातील एकाने मन घट्ट करून फळ्या काढल्या. विक्रेत्याचे काम सॅम्युएल ॲशवर्थ या तरुणाकडे होते आणि रोकड विल्यम कूपर यांच्याकडे. गल्लीतला हशा बराच वेळ चालला. आत माल तोलला जाऊ लागला.

सुरुवातीस दुकान आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि शनिवारी, संध्याकाळी उघडे असे. कारण ते चालविणारे दिवसा आपापल्या कामावर जात. दुकानाचा व्याप एवढाच. पण त्याच सभासदांनी आपल्या नियमावलीत संस्थेची उद्दिष्टे म्हणून जे लिहून ठेवले होते ते वाचले म्हणजे आश्चर्य वाटते. धान्य-कापडाचे दुकान हे त्यातले पहिले पाऊल. त्यानंतर सभासदांसाठी घरे बांधावयाची, बेकारांना काम देण्यासाठी कारखाने काढावयाचे, जमीन घेऊन ती कसावयाची, दारू न मिळणारे उपाहारगृह काढावयाचे, आणि अखेरीस उत्पादन, वाटप, शिक्षण आणि राज्यकारभार हे सारे स्वतःच पाहणारी स्वयंपूर्ण वसाहत उभारावयाची. २८ पौंडांच्या भांडवलावर रचलेले हे बेत पाहून गल्लीतली पोरे हसली, यात त्यांचा फारसा दोष नाही.

तथापि स्वप्ने अनेकांनी पाहिली होती. इंग्लंडमध्ये त्यापूर्वी सहकारी दुकाने शेकड्यांनी निघाली आणि बहुतेक बुडाली. रॉचडेलचे दुकान तगले ते उद्दिष्टांच्या उंचीमुळे नव्हे, तर रोजच्या व्यवहाराच्या नियमांमुळे. ते नियम एकेक करून पाहण्यासारखे आहेत.

पहिला नियम रोखीचा. सभासद असो वा अध्यक्ष असो, पैसे मोजल्याखेरीज मालाला हात लावावयाचा नाही. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपल्याकडे दुकानदार गिऱ्हाइकासाठी लावतो. रॉचडेलमध्ये गिऱ्हाइकांनी ती स्वतःसाठीच लावून घेतली. १८३३ च्या दुकानाचा शेवट ज्यांनी पाहिला होता, त्यांना दया आणि उधारी यांतील फरक कळून चुकला होता. हा नियम कठोर होता, हेही नाकारता येत नाही. ज्याच्या घरी आठवड्याच्या मध्यावरच पैसा संपे आणि ज्याच्यावर जुन्या दुकानदाराची बाकी असे, त्याला या दुकानाची पायरी चढणे अवघड होते. अगदी तळच्या गरिबापर्यंत रॉचडेलचे दुकान प्रारंभी पोहोचले नाही, ही त्याच्या यशाची दुसरी बाजू होय.

दुसरा नियम शुद्ध मालाचा आणि पुऱ्या वजनाचा. येथे विशेष असे की, तो पाळण्यासाठी विक्रेत्याच्या सज्जनपणावर विसंबण्याचे कारण उरले नव्हते. ज्या पिठात खडू मिसळावयाचा ते पीठ आपल्याच मुलाबाळांच्या ताटात जावयाचे, आणि जो फायदा लाटावयाचा तो आपल्याच खिशातून काढून आपल्याच दुसऱ्या खिशात घालावयाचा. मग खोटे माप धरावे तरी कोणासाठी? मालक आणि गिऱ्हाईक एक झाले म्हणजे लबाडीचे मूळच सुकते. भेसळविरोधी कायदा येण्यापूर्वी सोळा वर्षे या वखारीत तो प्रश्न अशा रीतीने सोडविला गेला.

तिसरा नियम नफ्याच्या वाटपाचा. भांडवलावर ठरावीक आणि माफक व्याज द्यावयाचे. ते देऊन जी शिल्लक राहील ती ज्याने जितक्या किमतीचा माल खरेदी केला असेल त्या प्रमाणात सभासदांना परत करावयाची. ही कल्पना हॉवर्थ यांनी मांडली, असे परंपरेने मानले जाते. यापूर्वीही ती कोठे कोठे अमलात आली होती. पण तिचे सामर्थ्य रॉचडेलने दाखविले. समजा, वर्षअखेर पौंडामागे एक शिलिंग परतावा ठरला. तर वर्षभरात १० पौंडांचे पीठ-साखर नेणाऱ्या विणकराला १० शिलिंग मिळत. ते त्याने घरी न नेता दुकानातच ठेवले, तर दोन वर्षांत त्याचा एक नवा भाग तयार होई. ज्याला पै शिल्लक टाकणे कधी जमले नव्हते, त्याची शिल्लक जेवता जेवता होऊ लागली. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण खरी. पण थेंब गळून जाऊ नये अशी बांधबंदिस्ती आधी करावी लागते. ती या नियमाने केली.

चौथा नियम मताचा. भाग एक असो की पन्नास असोत, माणशी मत एक. याचे मोल कळण्यासाठी त्या काळचा इंग्लंड डोळ्यांसमोर आणावयास हवा. १८३२ च्या सुधारणेनंतरही शहरात पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क, सामान्यतः, वर्षाला १० पौंड किमतीची जागा ज्याच्या ताब्यात असेल त्या पुरुषालाच होता. शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला तो मिळाला १८६७ साली, आणि स्त्रियांना १९१८ पर्यंत वाट पाहावी लागली. ज्या विणकराला देशाच्या कारभारात काडीचाही अधिकार नव्हता, तो टोड लेनच्या सभेत हात वर करून कारभारी निवडीत होता, हिशेब तपाशीत होता आणि प्रश्न विचारीत होता. स्त्रियांनाही सभासदत्वाचे दार बंद नव्हते. १८४६ साली एलायझा ब्रायर्ली या बाईंनी आपल्या नावाने भाग घेतला. विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या कमाईवर तिचा हक्क मान्य करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला तो १८७० साली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नोंदीचे महत्त्व कळते.

याखेरीज धर्म आणि राजकारण यांबाबत संस्थेने कोणाची बाजू घ्यावयाची नाही, हाही दंडक होता. आणि शिक्षणाचा तर आग्रहच होता. १८४९ च्या सुमारास वखारीचे वरचे मजलेही सोसायटीच्या हाती आले. तेथे वृत्तपत्रे वाचण्याची खोली झाली, पुस्तके जमू लागली. पुढील दशकात शिल्लक रकमेतील शेकडा अडीच भाग शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नियम झाला. खाली पीठ आणि वर पुस्तके, अशी ती वखार झाली. पूर्ण वेळेची शाळा ज्यांनी पाहिली नव्हती अशी माणसे दिवसभराचे काम आटोपून तेथे वाचीत बसत.

दुकानाची वाढ आकड्यांनी सांगता येते. १८४५ च्या अखेरीस सभासद ७४, भांडवल १८१ पौंड आणि वर्षाची विक्री ७१० पौंड. १८४९ साली गावची बचत पेढी बुडाली आणि गरिबांच्या ठेवी पाण्यात गेल्या. तेव्हा उजळ माथ्याच्या पेढीपेक्षा विणकरांचे दुकानच भरवशाचे, असे लोकांना दिसून आले. सभासदांची संख्या त्या एका वर्षात १४० वरून ३९० वर गेली. १८५० साली ती ६०० झाली. १८६० साली ३,४५० सभासद आणि वर्षाची विक्री १,५२,००० पौंडांवर. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. याच वेळी वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर लोटला. इकडे भरती, तर तिकडे ओहोटी. रॉचडेलच्या सभासदांनी त्या दुष्काळात आपल्या शिलकीवर गुजराण केली. सभासदसंख्या काहीशी घटली, परंतु दुकान टिकले.

मात्र रॉचडेलची सारीच कथा यशाची नाही. पायोनियर्सनी १८५४ साली सहकारी कापडगिरणी काढली. नफ्यातला एक हिस्सा तेथे राबणाऱ्या कामगारांना द्यावयाचा, असे तिचे ठरले होते. गिरणी चांगली चालली, आणि चांगली चालली म्हणूनच नफ्याच्या आशेने नवे भागीदार आत आले. १८६२ साली त्यांनी बहुमताने कामगारांचा तो हिस्सा रद्द केला. जुन्या पायोनियर्सनी विरोध केला, पण त्यांची मते कमी पडली. माणशी एक मत हे साधन न्यायाचे खरे. पण मत देणाऱ्याच्या मनात न्याय नसेल, तर त्याच साधनाने अन्यायही करता येतो. शिक्षणासाठी शेकडा अडीच ठेवण्याचा आग्रह केवळ हौसेचा नव्हता, हे या प्रसंगावरून उमगते.

दुकानाची कीर्ती देशभर पसरली. जॉर्ज जेकब होलिओक यांनी त्याचा इतिहास लिहिला आणि तो वाचून गावोगाव तशी दुकाने निघाली. १८६३ साली अशा दुकानांनी मिळून घाऊक खरेदीची मध्यवर्ती संस्था मँचेस्टर येथे काढली. १८६७ साली रॉचडेलच्या सोसायटीने टोड लेनमध्येच स्वतःची भव्य इमारत बांधली आणि जुनी वखार सोडली.

या विचाराच्या खुणा भारतातही आहेत, आणि त्यांतील काही मराठी माणसांच्या हातच्या आहेत. १८८९ साली बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. भारतातील पहिल्या सहकारी संस्थांत तिची गणना होते. ती रॉचडेलची नक्कल नव्हती; तिचे काम पतपेढीचे होते. परंतु थोड्या पैशांची माणसे एकमेकांच्या विश्वासावर उभी राहू शकतात, हे तत्त्व तेच. १९०४ च्या कायद्यानंतर धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी १९०५ साली शेतकऱ्यांची पतसंस्था नोंदली गेली. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील सहकारी भांडाराने तर रॉचडेलचाच कित्ता पुढे ठेवला होता. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा हाच विचार निराळ्या मातीत निराळ्या पिकावर आला.

याहूनही जवळचा एक धागा आहे. १८९५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ साली रॉचडेलचे नियम सर्व सहकारी संस्थांसाठी तत्त्वरूपाने मांडले. पुढे जग बदलले, सहकाराची क्षेत्रे वाढली, तेव्हा त्या तत्त्वांचा नव्याने विचार करण्यासाठी संघाने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ प्रा. दत्तात्रय गोपाळ कर्वे. १९६६ साली व्हिएन्ना येथील परिषदेत समितीच्या शिफारशी मान्य झाल्या. मुक्त सभासदत्व, लोकशाही कारभार, भांडवलावर मर्यादित व्याज, शिलकीचे न्याय्य वाटप आणि शिक्षण ही तत्त्वे राखून, सहकारी संस्थांनी परस्परांशी सहकार्य करावे, या नव्या तत्त्वाची त्यांत भर पडली. रोखीचा नियम मात्र सार्वत्रिक तत्त्व म्हणून राहिला नाही. शेतकऱ्याला कर्ज देणे हेच जिचे काम, त्या संस्थेला उधारी वर्ज्य करता येत नाही. टोड लेनच्या विणकरांनी मेणबत्तीच्या उजेडात अमलात आणलेले नियम सव्वाशे वर्षांनी एका पुणेकर प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली पारखले गेले, ही घटना आठवणीत ठेवण्याजोगी आहे. १९९५ साली, संघाच्या शताब्दीच्या वेळी, मँचेस्टर येथे ती तत्त्वे पुन्हा एकदा नव्याने शब्दबद्ध झाली.

आता त्या वखारीचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. सोसायटी गेल्यावर तेथे इतर दुकाने नांदली, आणि बराच काळ ती गल्लीतील अनेक घरांपैकी एक घर म्हणून उभी राहिली. पुढे सहकारी चळवळीने ती परत आपल्या ताब्यात घेतली. १९३१ साली तेथे संग्रहालय उघडले. गावाच्या नव्या बांधणीत टोड लेनचा मोठा भाग नाहीसा झाला. वखार आणि तिच्या आसपासचा तुकडा मात्र राखला गेला आणि कायद्याने संरक्षित झाला. २०१२ साली, संयुक्त राष्ट्रांनी सहकार वर्ष म्हणून पाळलेल्या वर्षी, दुरुस्ती होऊन संग्रहालय पुन्हा खुले झाले.

तळमजल्यावरच्या खोलीत पहिल्या रात्रीचे दुकान मांडून ठेवले आहे. पिंपांवर टाकलेल्या फळ्या, जुनी तागडी, पिठाची पोती, थोडे लोणी, थोडी साखर, मेणबत्त्या. भारतातून, जपानातून, आफ्रिकेतून आलेले लोक तेथे उभे राहतात, आणि एवढेसेच का, असे आश्चर्य करतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या गावी आज सहकाराच्या नावाने मोठमोठ्या पेढ्या आणि कारखाने उभे आहेत. त्यांतले काही भरभराटीस आले आहेत, काही बुडाले आहेत. आणि बुडालेल्यांचा हिशेब काढला, तर सभासदांनी प्रश्न विचारणे सोडून दिल्याच्या खुणा पुष्कळ वेळा सापडतात. टोड लेनच्या मंडळींजवळ भांडवल थोडे होते, जागा भाड्याची होती आणि दिवा उसना होता. त्यांनी जपली ती तागडी आणि हिशेबाची वही. गल्लीतील पोरांचा हशा ओसरल्यावर त्या रात्री पहिल्या गिऱ्हाइकाने पिठाचे माप पाहून घेतले असेल. ते पुरे होते, म्हणूनच ते सोमवारी पुन्हा आले.